वही कोणाच्या हातीं?

आपल्याकडे संस्था काढणें हें काम फार सोपें आहे. चार प्रतिष्ठित मंडळी, एक फलक, एक उद्घाटनसमारंभ आणि त्याचें वर्तमानपत्रांतील वृत्त एवढी सामग्री जमली कीं संस्था जन्मास येते. ती जगविणें मात्र कठीण. आणि ती ज्यांच्या नांवानें काढली त्यांच्याच हातीं सोंपविणें हें तर सर्वांत कठीण. खेड्यांतील महिला मंडळांचा व बचत गटांचा इतिहास पाहतांना या गोष्टीचा प्रत्यय आम्हांस पदोपदीं आला आहे. ग्रामसुधारणेच्या कामीं स्त्रियांच्या संस्थांनीं काय केलें, असा प्रश्न सभासंमेलनांतून वारंवार विचारला जातो आणि त्याचें उत्तरहि ठराविक शब्दांत दिलें जातें. आमच्या मतें त्याच्या आधीं एक लहानसा प्रश्न विचारला पाहिजे. संस्थेची वही कोणाच्या हातीं आहे? स्त्रियांसाठीं चाललेली संस्था आणि स्त्रियांची संस्था यांतील सारें अंतर या एका प्रश्नांत सांठलेलें आहे, असें आम्हांस वाटतें. व तेंच आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

खेड्यांतील स्त्रियांना एकत्र येणें ठाऊक नव्हतें, तें शहरांतल्या शिकलेल्या मंडळींनीं त्यांना शिकविलें, असा एक समज आपल्यांत रूढ आहे. तो खरा नाहीं. पहांटेचें जातें दोघींनीं मिळून ओढावयाचें, पाणवठ्यावर घागर भरेपर्यंत सुखदुःखाच्या चार गोष्टी बोलावयाच्या, भांगलणीला एकमेकींच्या शेतावर सावड करून जावयाचें, श्रावणांत फेर धरावयाचा, चैत्रांत हळदीकुंकवास जावयाचें, भिशी लावावयाची, हे सारे संघटनेचेच प्रकार होत. त्यांत ओलावा होता, परस्परांस आधार होता. परंतु दोन गोष्टींची उणीव होती. एक तर तेथें झालेल्या बोलण्याचा गांवाच्या कारभारावर कांहींएक परिणाम होत नसे. पाणवठ्यावरचें बोलणें पाणवठ्यावरच राही. दुसरें असें कीं, या मेळाव्यांपैकीं जे मानाचे, त्यांतून जिला आधाराची सर्वांत अधिक गरज तीच वगळलेली असे. हळदीकुंकवाच्या आमंत्रणांत विधवेचें नांव नसे. हा दुष्ट प्रघात अद्याप पुरता गेला आहे असें म्हणवत नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीला विधवांसंबंधींच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव मे २०२२ मध्यें करावा लागला, आणि राज्य शासनानें इतर गांवांनींहि त्याचें अनुकरण करावें असें त्याच महिन्यांत परिपत्रकानें सुचविलें, ही ताजी गोष्ट आहे. बचत गटाच्या वर्तुळांत मात्र पहिल्याच दिवशीं विधवा, परित्यक्ता आणि सवाशीण एका सतरंजीवर बसल्या. पैशाच्या हिशेबाला कुंकवाची अट नव्हती. व्याख्यानांनीं जें साधलें नाहीं तें या साध्या गोष्टीनें पुष्कळ ठिकाणीं साधलें.

आमच्यासारख्या घरांचा या कामाशीं संबंध जुना आहे, आणि तो अभिमानानें सांगण्यासारखा आहे. अण्णासाहेब कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला; १९०९ सालीं पुण्यास सेवासदन सुरू झालें आणि रमाबाई रानडे यांनीं तें वाढविलें; १९२७ सालीं अखिल भारतीय महिला परिषदेचें पहिलें अधिवेशन पुण्यासच भरलें. या संस्थांतून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षिका व परिचारिका दूरदूरच्या गांवीं गेल्या. कित्येक घरांतील विधवा आत्या आणि मावश्या त्या संस्थांमुळें स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. परंतु त्या संस्थांची वही शहरांतच राहिली, आणि हें त्या काळीं अपरिहार्य होतें. खेड्यांतील स्त्रीच्या वांट्याला जें येई, तें दुसऱ्या कोणी ठरवून पाठविलेलें असे. १९४४ सालीं कस्तुरबांच्या निधनानंतर त्यांच्या नांवानें जो स्मारक निधि जमला, त्याचा विनियोग खेड्यांतील स्त्रिया व मुलें यांच्यासाठींच व्हावा असें ठरलें आणि ग्रामसेविका तयार होऊं लागल्या. शहराची कार्यकर्ती पाहुणी म्हणून न जातां गांवांत राहावयास गेली, हें पाऊल मोठें होतें. तरी देणारी एक आणि घेणारी दुसरी, हें नातें कायमच राहिलें.

स्वराज्यानंतर सरकारनें हें काम अंगावर घेतलें. २ ऑक्टोबर १९५२ रोजीं समाजविकास योजनेचा प्रारंभ झाला; १९५३ सालीं दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखालीं मध्यवर्ती समाजकल्याण मंडळ स्थापन झालें. गांवोगांव महिला मंडळें निघालीं. शिवणयंत्रें आलीं, बालवाड्या उघडल्या, निर्धूर चुलींचीं प्रात्यक्षिकें झालीं. यांतून कांहींच झालें नाहीं असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. पुष्कळ मुलींना पहिलें अक्षर त्या बालवाडींतच भेटलें. पण पुष्कळ ठिकाणीं मंडळाच्या अध्यक्षा गांवांतील बड्या घरच्या बाई असत, शिवणयंत्र त्यांच्याच पडवींत असे, आणि मंडळाची वही तालुक्याहून साहेब यावयाच्या आदल्या रात्रीं कोणी तरी गुरुजी भरून देत. अनुदान आटलें कीं मंडळहि आटे. त्यांत कोणाचा दुष्ट हेतु होता असें नव्हे. जी वही आपण लिहिली नाहीं, जिच्यांतील आंकडे आपण मोजले नाहींत, ती जपावी असें कोणास वाटणार?

ही रीत पालटावी कशी, याचें एक उत्तर जामखेडनें दिलें. नगर, म्हणजे हल्लींचें अहिल्यानगर, या जिल्ह्यांतील तो अवर्षणाचा तालुका. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हें डॉक्टर दांपत्य १९७० सालीं तेथें जाऊन राहिलें. प्रथम त्यांनीं शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठवून पाहिल्या. त्या तरुण मुली परक्या गांवीं एकट्या राहीनात, आणि गांवच्या बायकाहि त्यांच्यापाशीं मन उघडीनात. तेव्हां डॉक्टरांनीं गांवानेंच आपल्यांतली एक बाई निवडावी असें ठरविलें. ज्या निवडल्या गेल्या त्यांतील बहुतेकींना अक्षर येत नव्हतें. कित्येक दलित समाजाच्या, कित्येक नवऱ्यानें टाकलेल्या. त्यांनीं आठवड्यांतून एकदां जामखेडला यावें, एकत्र राहावें, जेवावें, गेल्या आठवड्यांत गांवांत कोणाला काय झालें तें सांगावें आणि एक नवी गोष्ट शिकून परत जावें, असा क्रम सुरू झाला. सुरक्षित बाळंतपण कसें करावें, जुलाब झालेल्या मुलाला मीठसाखरेचें पाणी कसें द्यावें, गरोदर बाईनें काय खावें, कुष्ठरोग्याला घराबाहेर कां घालवूं नये, हें त्या शिकल्या. आणि त्यांनीं तें आपापल्या गांवच्या महिला मंडळांतून इतरांस शिकविलें.

येथें ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, डॉक्टरांनीं आपली विद्या कुलुपांत ठेवली नाहीं. बाळंतपणाची विद्या, औषधाची विद्या ही सुद्धां एक वहीच आहे, आणि ती त्यांनीं निरक्षर स्त्रियांच्या हातीं दिली. परिणाम आंकड्यांत पाहावयाचा असेल तर असा: १९७१ सालीं त्या भागांत जिवंत जन्मलेल्या दर हजार मुलांमागें १७६ मुलें वर्षाच्या आंत दगावत, शतक संपतां संपतां तो आंकडा तिसांच्याहि खालीं उतरला. आरोळे दांपत्याला १९७९ सालीं मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु त्या हजारांतील जीं शेंदीडशें मुलें वांचलीं, त्यांच्या आयांना तो पुरस्कार कशाबद्दल होता हें कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आतां बचत गटांकडे वळूं. स्त्रियांची आर्थिक उन्नति व्हावी म्हणून महाराष्ट्र शासनानें १९७५ सालीं महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन केलें. १९९२ सालीं नाबार्डनें देशभरांत पांचशें गट प्रयोगादाखल बँकांशीं जोडण्याचें ठरविलें. आज अशा गटांची संख्या एक कोटीच्या वर गेली आहे. मोठा आंकडा ऐकून मन सुखावतें, परंतु गट म्हणजे काय हें कळावयाचें तर एखाद्या बैठकीस जाऊन बसलें पाहिजे. आमचें मूळ घर ज्या गांवीं आहे तेथील एका गटाच्या बैठकीस बसण्याचा योग आम्हांस आला, तें थोडक्यांत सांगतों.

मारुतीच्या देवळाच्या ओवरींत पंधरा जणी गोल करून बसल्या होत्या. दर महिन्याच्या दहा तारखेस, कामावरून परतल्यावर, दिवेलागणीपूर्वी बैठक. उशिरा येणारीस दहा रुपये दंड. प्रत्येकीची मासिक बचत शंभर रुपये. म्हणजे महिन्याला दीड हजार, वर्षाला अठरा हजार. हे पैसे पेटींत निजून राहत नाहींत. गटांतच कर्जाऊ फिरतात. व्याज शेकडा दोन रुपये महिना. सुशिक्षित वाचक तत्काळ हिशेब करतील कीं हें वर्षाला चोवीस टक्के झालें. खरें आहे, पण सावकाराचा दर याहून किती तरी अधिक असतो, आणि सावकाराकडे गेलेलें व्याज परत येत नाहीं. येथें जें व्याज भरावयाचें तें आपल्याच पेटींत, व वर्षाअखेर त्यांत आपलाहि वांटा. गट नीट चालला कीं बँक त्याच्या बचतीच्या कांहीं पट कर्ज देते. सातबारा नसलेल्या, दागिना नसलेल्या बाईला बँकेची पायरी चढतां येते ती या बळावर.

त्या दिवशीं तिघींनीं कर्ज मागितलें. एकीला शेळी घ्यावयाची होती, तिला चटकन मिळालें. दुसरीला मुलाच्या शाळेसाठीं हवे होते, तिलाहि मिळाले. तिसरीनें पुतण्याच्या लग्नासाठीं पंधरा हजार मागितले. यावर बराच खल झाला. पैसे तुला हवेत कीं तुझ्या जावेला, असें एकीनें विचारलें. शेवटीं पांच हजार देण्याचें ठरलें, आणि तेंहि ती गटाची सभासद म्हणून तिच्या नांवावर, दिराच्या शब्दावर नव्हे. घरांत ज्या स्त्रीला दिरापुढें बोलण्याची चोरी, तिला दिराला सांगावयास एक उत्तर मिळालें होतें: गटानें इतकेच दिले. अनेक वेळां गट स्त्रीला पैसे देतो त्याहून हें नाहीं म्हणण्याचें बळच अधिक देतो.

बैठकीच्या अखेरीस वही मोठ्यानें वाचण्याची रीत होती. दहावीपर्यंत शिकलेली एक तरुण सून सचिवाचें काम करीत असे. ती वाचूं लागली, तोंच डोळे मिटून बसलेली एक म्हातारी म्हणाली, “थांब गं पोरी. मागच्या खेपेला मी दोनशें भरले हायेत. तू शंभर कशी वाचतीस?” वहीचीं पानें उलटलीं गेलीं, म्हातारीचें स्वतःचें पुस्तक पाहिलें गेलें, तिचें म्हणणें बरोबर ठरलें. सुनेनें तेथल्या तेथें खाडाखोड करून सही केली आणि कोणाच्याहि मनांत कांहीं राहिलें नाहीं. त्या म्हातारीला अक्षर येत नव्हतें. पण वही तिची होती. मोठमोठ्या पतपेढ्या व सहकारी संस्था वर्षानुवर्षांच्या तपासणीनंतरहि बुडालेल्या आपण पाहतों. तेथें वही मोठ्यानें वाचली गेली असती आणि डोळे मिटून ऐकणारी अशी एक म्हातारी बसलेली असती, तर कित्येकांच्या ठेवी वांचल्या असत्या, असें आमच्या मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं.

नियमित बैठक, नियमित बचत, आपसांतील कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब यांस गटाची पंचसूत्री म्हणतात. त्यांतील पहिलें सूत्र बैठकीचें आहे, पैशाचें नाहीं, हें कोणी तरी फार विचारानें ठरविलेलें दिसतें. पैसा हें निमित्त. ठराविक दिवशीं ठराविक जागीं बसणें हें मुख्य. घरांतून “गटाला जातें” असें सांगून बाहेर पडण्याचा हक्क एकदां मिळाला कीं त्या बसण्यांत पाण्याची गोष्ट निघते, बंद पडलेल्या विंधणविहिरीची निघते, शाळेंत न येणाऱ्या मास्तरांची निघते, आणि मग पाणवठ्यावरचें बोलणें ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत जातें.

साताऱ्याच्या माण तालुक्यांतील म्हसवडची गोष्ट याहि पुढची आहे. तेथें चेतना गाला सिन्हा यांनीं खेड्यांतील स्त्रियांची सहकारी बँक काढण्याचें ठरविलें. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला, तो नाकारला गेला. कारण पुष्कळशा प्रवर्तक स्त्रियांनीं सहीच्या जागीं अंगठे केले होते. दुसरी एखादी संस्था तेथेंच थांबली असती. या बायकांनीं रात्रीं अक्षरें गिरविण्यास सुरुवात केली आणि कांहीं महिन्यांनीं त्यांच्यांतल्या कित्येकी स्वतः रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांपुढें जाऊन उभ्या राहिल्या. आमच्या लहानपणीं गांवांत शाळाच नव्हती, हा आमचा अपराध नव्हे. पण व्याज आम्हांस तोंडानें काढतां येतें, वाटेल ती रक्कम सांगून पाहा, अशा आशयाचें त्यांचें म्हणणें होतें. १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. अक्षर न येणें आणि हिशेब न येणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हें त्या बायकांनीं देशाच्या सर्वांत मोठ्या पेढीला पटवून दिलें. आमच्या मतें स्त्रीशिक्षणाच्या इतिहासांत या प्रसंगाला मानाचें स्थान मिळावयास हवें.

हिशेब हातीं आला कीं कारभाराकडे दृष्टि जाते. गडचिरोलींत दारूबंदीसाठीं जी दीर्घ चळवळ झाली आणि जिच्यामुळें १९९३ सालीं तो जिल्हा दारूबंदीचा झाला, तींत खेड्यांतील स्त्रियांचा आवाज मोठा होता. पुढें महाराष्ट्रांत गांवांतील परवान्याचें दारूदुकान मतदानानें बंद करण्याची सोय झाली. मतपत्रिकेवर दोन चित्रें असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. पुरेशा मतदार स्त्रियांनीं मागणी केली, मतदान झालें आणि आडव्या बाटलीस हवीं तितकीं मतें पडलीं, तर दुकान उठतें. हें काम किती अवघड आहे याची कल्पना शहरांत राहून यावयाची नाहीं. दुकानदार गांवांतलाच, त्याच्या पाठीशीं वजनदार माणसें, आणि स्वतःच्या घरांत पिणारा नवरा. एकटी बाई येथें उभी राहूं शकत नाहीं. पंधराजणींचे चार गट मिळाले म्हणजे राहूं शकते. दुकान गेलें तरी चोरटी दारू राहतेच, आणि तिच्याशीं झगडा चालूच असतो, हेंहि सांगितलें पाहिजे.

१९९३ सालीं त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अंमलांत येऊन पंचायतींत स्त्रियांसाठीं एकतृतीयांश जागा राखल्या गेल्या. महाराष्ट्रानें २०११ सालीं हें प्रमाण निम्म्यावर नेलें. तेव्हांपासून “सरपंचपति” हा नवा शब्द मराठींत रूढ झाला. बाईंनीं सही करावी व यजमानांनीं कारभार पाहावा, असा त्याचा अर्थ. वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं येथेंहि प्रश्न वहीचाच आहे. खुर्ची बाईंची, पण वही नवऱ्याच्या कांखेंत. अशा बाईंना हंसण्यांत अर्थ नाहीं. जिनें आयुष्यांत कधीं दहा माणसांसमोर तोंड उघडलें नाहीं, तिला एका निवडणुकीनें वक्तृत्व कोठून यावें? परंतु जी आधीं पांचसात वर्षें गटांत बसलेली आहे, जिनें वही वाचलेली व ऐकलेली आहे, तिला फसविणें सोपें नसतें. गट ही पंचायतीची शाळा आहे, आणि ती विनावेतन चालते.

इतकें सारें गुणवर्णन केल्यावर दुसरी बाजू न मांडणें अप्रामाणिकपणाचें होईल. या संस्थांवर ओझें फार लादलें जात आहे. गांवची स्वच्छता करावयाची, बोलवा गटाच्या बायकांना. मंत्री यावयाचे, बोलवा गटाच्या बायकांना, आणि बसवा उन्हांत मांडवाखालीं. पहांटे चारला उठणारी, शेतावर राबणारी, चुलीशीं वाकणारी स्त्री गांवाच्या उद्धाराचें कामहि करते, आणि त्याच वेळीं पारावर पानतंबाखूचा कार्यक्रम बिनघोर चाललेला असतो. गांव दोघांचा असेल तर त्याचा उद्धार एकीच्याच डोक्यावर कां, हा प्रश्न पुरुषांनीं स्वतःस विचारला पाहिजे. दुसरें संकट कर्जाचें. बायका बुडवीत नाहींत हें एकदां कळल्यावर नफ्यासाठीं कर्जें देणाऱ्या कंपन्या खेड्यांत शिरल्या. त्याहि बायकांचे गट करतात. पण त्या गटाला बचत नसते, चर्चा नसते, फक्त हप्ता असतो. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनीं तिच्या दारांत जाऊन बसावें, अशी रीत. एका कंपनीचा हप्ता भरण्यासाठीं दुसरीचें कर्ज काढणाऱ्या बायका आम्हीं पाहिल्या आहेत. दोन्ही ठिकाणीं सतरंजी तीच, बायका त्याच; परंतु येथें वही कंपनीच्या माणसाच्या हातीं असते आणि ती मोठ्यानें वाचली जात नाहीं. नांवाला भुलूं नये तें यासाठींच. तिसरी उणीव धंद्याची. पापड, लोणचीं आणि मसाले यांच्या पलीकडे फार थोड्या गटांची मजल जाते; आणि गांवांत सर्वांत गरीब जी, जिला महिन्याचे शंभर रुपयेहि जड, ती पुष्कळदां गटाबाहेरच राहते.

या सर्वांहून मोठी वही एक आहे, ती म्हणजे जमिनीची. १९८६ सालीं चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचें प्रचंड अधिवेशन भरलें. पुढें त्या संघटनेनें “लक्ष्मीमुक्ति” हा कार्यक्रम घेतला: शेतकऱ्यानें आपण होऊन आपल्या जमिनीचा कांहीं भाग पत्नीच्या नांवें करून द्यावा. कित्येक गांवांनीं तें केलें. शेतांतील निंदणी, खुरपणी, वेंचणी जी करते, तिचें नांव सातबाऱ्यावर नसावें, ही गोष्ट मनास खटकली म्हणून अक्षरओळख बेताचीच असलेल्या शेतकऱ्यांनीं हें पाऊल उचललें, हें विशेष.

आणि येथें आम्हांस आपल्या घरांकडे वळावेंसें वाटतें. खेड्यांतील स्त्रीच्या संघटनेविषयीं आपण कौतुकानें वाचतों. पण आपल्या वाड्यांतील, आपल्या एकत्र कुटुंबांतील वही कोणाच्या हातीं आहे? महाराष्ट्रानें १९९४ सालीं एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क दिला. २००५ सालीं तो सर्व देशांत लागू झाला. २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा हक्क जन्मसिद्ध असल्याचें निःसंदिग्धपणें सांगितलें. तरी वडिलोपार्जित घराची वांटणी निघाली कीं सुशिक्षित घरांतून सुद्धां बहिणींस पहिला निरोप जातो तो हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठीं येण्याचा. भाऊबीजेची ओंवाळणी भरघोस मिळते, आणि सही निमूटपणें होते. जी सून बँकेंत किंवा महाविद्यालयांत नोकरी करते, तिला आपल्या सासरच्या घराच्या खर्चाचा एकूण आंकडा ठाऊक नसतो. सासूबाईंस तर तो पन्नास वर्षें कोणी सांगितलेलाच नसतो. ओवरींत बसलेल्या त्या म्हातारीला पंधरा बायकांचा हिशेब तोंडपाठ होता. आपल्या घरांतील पदवीधर स्त्रियांपैकीं कितीजणी आपल्या घरचा हिशेब तितक्या खात्रीनें सांगतील?

यावर कोणी म्हणेल कीं घर म्हणजे कांहीं संस्था नव्हे. तेथें प्रेम असतें, विश्वास असतो, तेथें वही कशाला? प्रेम आणि विश्वास असतो म्हणूनच वही उघडी असण्यास हरकत नसावी, एवढेंच आमचें उत्तर आहे. गटांतील बायकांचें एकमेकींवर प्रेम नसतें असें नाहीं. पण वही मोठ्यानें वाचल्यामुळें तें प्रेम कमी झालेलें आम्हांस दिसलें नाहीं. उलट, संशयाला जागा न उरल्यानें तें टिकलें.

तात्पर्य काय, तर खेड्यांच्या सुधारणेंत स्त्रियांच्या संस्थांना मदत करावयाची असेल तर देणग्या आणि भाषणें यांच्याहि आधीं करण्यासारख्या लहान लहान गोष्टी पुष्कळ आहेत. गांवच्या आपल्या शेतावर किंवा घरीं जी बाई कामाला येते, ती गटाची तारीख म्हणून दोन तास आधीं जाऊं मागेल. तिला आनंदानें जाऊं द्यावें, आणि त्या दोन तासांची मजुरी कापूं नये. गटाच्या मालाची किंमत पाडून मागूं नये. ज्यांना हिशेब येतो अशा निवृत्त मंडळींनीं गांवीं गेल्यावर गटाची वही स्वतः लिहून देण्याचा मोह आवरावा, आणि एखाद्या मुलीला ती लिहावयास शिकवावें. तें काम सावकाश होईल, पण टिकेल. ज्या देवस्थानांचे, शाळांचे, सोसायट्यांचे आपण विश्वस्त असूं, तेथें वर्षांतून एकदां तरी हिशेब मोठ्यानें वाचला जावा असा आग्रह धरावा.

आणि येत्या पाडव्याला, नवी वही पूजेस मांडली जाईल तेव्हां, घरांतील कर्त्या पुरुषांनीं ती घरांतल्या सर्व स्त्रियांसमोर, वृद्ध आत्याबाईंपासून नव्या सुनेपर्यंत साऱ्यांच्या देखत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकदां वाचून दाखवावी. कोणी एखादी डोळे मिटून ऐकत असेल आणि मध्येंच थांबवून कांहीं विचारील, तर तिला उत्तर द्यावें.